पेंटर काका, देठाचा ल जमला

काका,

निकाल लागला. उपयोजित कलेची पदवी मिळाली. समोर येऊन आभार मानायला लागले असते, तर तुम्ही ‘च्या घेशील का’ म्हणून विषय मोडला असता. म्हणून लिहून टाकते, आणि चारचौघांत लिहिते. तुमचं नाव घालत नाही. नागपुरात गांधीसागर तलावाच्या बाजूला, कडुनिंबाखाली ज्यांनी तुमच्याकडून नंबरप्लेट रंगवून घेतली ते ओळखतीलच. तुमच्या मोबाइलवर फक्त फोन येतात-जातात, तेव्हा हे नातवाकडून वाचून घ्या. तो मधले शब्द गाळतो, त्याला गाळू देऊ नका.

पहिल्या वर्षी, फाउंडेशनला, माझी अक्षरांकनाची शीट परत आली होती. अर्धा इम्पीरियल कागद, दोन रात्रींचं काम, आणि कोपऱ्यात लाल पेन्सिलने एकच शब्द, ‘रिपीट’. का, ते सांगायला सरांना वेळ नव्हता. वर्गात आम्ही खूप होतो, मी रागही धरत नाही. घरी आईला काय सांगायचं या विचारात तलावाच्या कठड्यावर बसले होते. आई फॉल-पिको करून माझ्या रंगांचे पैसे जमवते, हे तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. तुम्ही ब्रश पुसत आलात, मांडीवरचा कागद न विचारता उचललात आणि म्हणालात, “हे अक्षरं कोणी उभे केले वो?”

मी खालची रेघ आधी मारली होती. त्या रेघेवर अक्षरं उभी केली होती, आणि शेवटी वरून शिरोरेघ ओढली होती, टोपी घातल्यासारखी. पुस्तकात तसंच होतं. बेसलाइन म्हणजे खालची रेघ, तिच्यावर एक्स-हाइट म्हणजे लहान अक्षरांची उंची, मग वर जाणारे आणि खाली उतरणारे भाग. ते सगळं रोमन अक्षरांचं गणित आहे, हे मला कळायला तुमचं एक वाक्य लागलं. “आपलं अक्षर उभं नाही राहत पोरी. लटकते. दोरीवरच्या कपड्यावानी.”

मग तुम्ही सुताला खडू चोळला, एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः ताणून धरलंत, आणि मधे चिमटीत उचलून सोडलंत. पाटीवर पांढरी सरळ रेघ उमटली. त्या रेघेखाली तुम्ही एकेक अक्षर टांगत गेलात. ‘क’ची दांडी पूर्ण लांब, ‘ट’ आखूड, ‘र’चा पाय तिरपा सुटलेला. खाली कोणीच एका ओळीत नव्हतं, आणि तरी पाटी डोळ्याला सरळ दिसत होती. माझ्या शीटवर सगळ्यांचे पाय मी जबरदस्तीने एका ओळीत आणले होते. ‘ट’ ताणून ताणून बिचारा लंगडा झाला होता.

त्यानंतर मी किती संध्याकाळी तिथे घालवल्या ते मोजलं नाही. कॉलेज सुटलं की बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीवरून, थेट तुमच्याकडे. मे महिन्यात डबा उघडला की ऑइल पेंटवर साय धरायची, ती काडीने काढायचं काम माझं. ब्रश आधी रॉकेलमध्ये धुवायचा, फडक्याने पुसायचा, मग केसांना तेलाचं बोट लावून टोक जुळवून ठेवायचा. हे मी एकदा विसरले, तर तुम्ही तो कडक झालेला ब्रश दोन दिवस टपरीच्या खिळ्याला टांगून ठेवलात. बोललात काहीच नाही. बोलला असतात तर बरं झालं असतं.

मारबतीच्या आदल्या रात्रीचं मात्र सविस्तर लिहायला हवं. (बाहेरगावच्यांसाठी: मारबत ही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी आपली मिरवणूक, आणि बडगे म्हणजे तिच्यात टोमणे मारणाऱ्या फलकांसह निघणारे पुतळे.) पोळ्याची संध्याकाळ, बडग्याचा फलक सकाळपर्यंत हवा होता, आणि मंडळाची पोरं डोक्यावर उभी. मजकूर रस्त्यांवरच्या खड्ड्यांचा. तुम्ही म्हणालात, हा तू लिही. मी जोशात डावीकडून सुरुवात केली आणि ‘खड्ड्यांचा’पाशीच अडकले. ड, त्याच्या पायाशी आणखी एक ड, त्याला य, वर अनुस्वार. वरचा टिंब काठाबाहेर, खालचा ड पुढच्या ओळीच्या वेलांटीत घुसला, आणि शेवटच्या दोन अक्षरांना जागाच उरली नाही. पोट्टे हसून हसून लोळले. एकाने तर सुचवलं की असंच राहू द्या, खड्ड्यात पडल्यासारखं दिसते. (आता वाटतं, सूचना वाईट नव्हती.)

तुम्ही फलक पुसला आणि मला आधी अक्षरं मोजायला लावली. मधलं अक्षर कुठलं ते शोधायचं, फलकाचा मध्य धरायचा, आणि खडूने दोन्हीकडे सरकत जायचं. काना म्हणजे पाव अक्षर. “आपल्या ओळीला तीन मजले राह्यते. मात्रा वरच्या, अक्षर मधल्या, उकार न् जोडाक्षर खालच्या. एकही मजला भाड्यानं द्याचा नाही.” सकाळी गर्दीत, ‘घेऊन जा गे मारबत’च्या ओरड्यात, तो फलक दुरून पुढे सरकत येताना मी बघितला. माझी अक्षरं काही फार देखणी नव्हती. पण दुकानांच्या माड्यांवर उभी असलेली माणसं ती वाचून हसत होती, म्हणजे वाचता येत होती.

तिसऱ्या वर्षी संगणकावर पुस्तकाचं मुखपृष्ठ केलं, तेव्हा दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या हिशेबाने ठेवलं होतं. ‘र्कीं’चा रफार आणि अनुस्वार वरच्या ओळीतल्या उकाराला जाऊन भिडले. तिसरा मजला भाड्याने दिला होता मी.

आणि ‘ल’. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं, पाट्या इथे आजही दोन भाषांत लागतात, आणि तुमचा हात दोन्ही भाषांत चालतो. हिंदी गिऱ्हाईक असलं की दांडीचा ल, मराठी असलं की रेघेला देठाने लटकलेला. श चंही तसंच, मराठीला पाकळीचा. हा फरक मी आयुष्यभर बघत आले होते आणि मला तो कधी दिसला नव्हता. राज्य शासनाने २००९ साली मराठीसाठी देठाचा ल आणि पाकळीचा श प्रमाण धरला, हे मी नंतर वाचलं. तुम्हाला सांगितलं तर म्हणालात, “बरं झालं, मले विचारून केलं.” बऱ्याच फॉण्टमध्ये आपणहून दांडीचाच ल उमटतो. मजकुराची भाषा मराठी आहे असं संगणकाला सांगितलं, आणि फॉण्ट करणाऱ्याने सोय ठेवली असली, तरच देठाचा येतो. म्हणजे गिऱ्हाईक कोण ते त्यालाही आधी विचारावंच लागतं.

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प तुम्हाला माहीतच आहे. महाल, इतवारी, गांधीबाग इथल्या हाताने रंगवलेल्या पाट्यांचे फोटो आणि त्यावरून एक देवनागरी फॉण्ट. मूळ अक्षरं पन्नासेक, पण जोडाक्षरं धरली की आकार शेकड्यांत जातात. मी ठरवून पहिल्यांदा ‘खड्ड्यांचा’ बसवला, तो बसला मग बाकीच्यांची भीती गेली. परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी विचारलं, मात्रांची उंची कशावरून ठरवली. माझ्या तोंडून मजल्यांचंच निघालं. त्या हसल्या, वहीत काहीतरी लिहिलं. मात्र ‘ळ’ त्यांना आवडला नाही. दोन गाठींमध्ये काळं साचतं म्हणाल्या, आणि खरंच साचतं. तुम्हीही ळ काढताना पुटपुटता, ते मी ऐकलंय.

फ्लेक्सवाल्यांच्या चौरस फुटाच्या भावात तुमची मजुरी बसत नाही, आणि मी जे शिकले त्याचं काम फ्लेक्सवरच जाऊन छापलं जाणार आहे. हे मला टोचतं. तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही खांदे उडवले आणि गिऱ्हाइकाला स्वतःच फ्लेक्सच्या दुकानाचा पत्ता दिलात, वर “शुद्धलेखन तपासून घेजा” असंही सांगितलंत. मला तेवढं मोठं मन नाही. माझ्या प्रदर्शनाच्या भिंतीवर शीर्षक तेवढं ब्रशने लिहिलंय, मध्यापासून सुरुवात करून.

डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी तुम्हाला महिनाभर रॉकेलच्या वासापासून दूर राहायला सांगितलंय, असं नातू म्हणाला. तर ऐका. आईच्या दुकानाला पाटी नाही. ‘फॉल-पिको करून मिळेल’ एवढाच मजकूर. त्यात देठाचे दोन ल आहेत, ते मी टांगते. रविवारी सकाळी पत्रा आणि रंग घेऊन येते, तुम्ही खुर्चीवर बसून सुताचं एक टोक धरा.

तुमची,
रिपीटवाली पोट्टी