ब्रिस्टलच्या काकांना, सप्रेम नमस्कार

काका,

नाव छापायचं नाही अशी तुमची सक्त ताकीद, म्हणून नुसतं 'काका'. लेख काल संपादकांकडे गेला. आता आधी हे पत्र, मग बाकीची कामं.

दिवाळी अंकासाठी इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी संगीत महोत्सवावर लिहायचं म्हटलं की सगळे तिथल्या मुख्य, पिरॅमिड स्टेजच्या पलीकडे जातच नाहीत. मला हवा होता दोन नंबरच्या स्टेजचा, 'अदर स्टेज'चा इतिहास. इथल्या एका जाणकारांनी 'बोलू, बोलू' करत मला बरेच दिवस झुलवलं आणि शेवटी नेटवरचाच एक उतारा पाठवला. वर 'ऋणनिर्देशात माझं नाव घ्या' हेही होतंच! एका फोटो एजन्सीने दरपत्रक तेवढं तत्परतेने धाडलं, प्रश्नाचं उत्तर अजून यायचंय. मग ओळखीच्या ओळखीतून तुम्ही सापडलात. नव्वदच्या दशकात ऑक्सफॅम या मदतसंस्थेचे स्वयंसेवक म्हणून समरसेटमधल्या त्या शेतात उभे राहिलेले, आणि अजून अस्सल सांगलीचं मराठी बोलणारे.

तुमच्यामुळे 1994 साल मला नीट कळलं. हिवाळ्यात गुरांचा गोठा होणारं ते 1981 चं पिरॅमिड महोत्सवाला दोन आठवडेही उरले नसताना जळालं आणि त्याच्या जागी तात्पुरतं स्टेज उभारावं लागलं. पण त्या वर्षीची खरी रात्र झाली ती दुय्यम स्टेजवर, जे तेव्हा 'एनएमई' या संगीत साप्ताहिकाच्या नावाने ओळखलं जायचं. ऑर्बिटल ही इलेक्ट्रॉनिक संगीताची जोडी, म्हणजे दोघे भाऊ, चष्म्यांना दिवे लावून यंत्रांमागे उभे राहिले. चॅनल 4 या ब्रिटिश टीव्ही वाहिनीचे कॅमेरे त्याच वर्षी पहिल्यांदा आले होते, त्यामुळे हे घरबसल्या पाहणाऱ्यांपर्यंतही पोचलं. पुढच्याच वर्षी महोत्सवात नृत्यसंगीतासाठी स्वतंत्र तंबू आला. 1997 च्या चिखलात तर अदर स्टेजच खचायला लागलं!

हे सगळं तुम्ही फोनवर रंगवून सांगितलंत. पिरॅमिडच्या आगीचं वर्णन तर असं की मी ते लेखाच्या सुरुवातीलाच घालणार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहते तो तुमचा निरोप. तुमच्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली असणार. 'आग मी पाहिलेली नाही. मी पोचलो तेव्हा दुसरं स्टेज उभं होतं. बोलण्याच्या भरात वाहवत गेलो. छापू नकोस.' खाली तुमच्या जुन्या वहीच्या पानांचे फोटो, आणि प्रत्येक ओळीपुढे समासात पेन्सिलीने एक अक्षर: 'पा' म्हणजे स्वतः पाहिलेलं, 'ऐ' म्हणजे ऐकलेलं. एका ठिकाणी 'पा' खोडून 'ऐ' केलेलं. त्या खाडाखोडीवर माझी नजर कितीतरी वेळ खिळून राहिली.

काका, हे करायला तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आग तशीच छापली असती तरी पुण्यात कोण तपासायला जाणार होतं? तीस वर्षांपूर्वीचा परक्या देशातला चिखल, विचारणारी एक अनोळखी बाई, मोबदला शून्य. तरी झोपमोड करून तुम्ही स्वतःचाच चांगला किस्सा काढून टाकलात. अशी माणसं अजून आहेत म्हणून आमच्यासारख्यांना लिहायला तोंड आहे. नाहीतर ठोकून द्यायला आणि पुढे ढकलायला हल्ली लागतं काय?

तुमच्या वहीतलं कोल्डप्ले या बँडचं टिपण मात्र मी चौकटीत घेतलंय. 1999 ला नवोदितांच्या तंबूत, 2000 ला अदर स्टेजवर (पहिला अल्बम तेव्हा बाजारातही आला नव्हता) आणि 2002 ला पिरॅमिडवर मुख्य आकर्षण. जानेवारी 2025 मध्ये नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमबाहेर रांगा लावलेल्या आमच्या पोरांना हे वाचून गंमत वाटेल. 2000 च्या नोंदीपुढे तुमचा 'पा' आहे. मला तेवढं पुरे.

चौकटीचं प्रूफ सोबत जोडलंय. खालची ओळ पुसट आली आहे, ती जरा भिंगातून पाहा. अंकाच्या दोन प्रती टपालाने पाठवते, पैशांचं नाव काढू नका. आणि काकूंना माझा नमस्कार सांगा. त्या मध्यरात्री तुमच्यामुळे त्याही जाग्या झाल्या असणारच.

तुमची,
दिवाळी अंकवाली