सईच्या इंजिनिअरिंग प्रवेशाच्या पर्याय अर्जाबद्दल

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, "तू स्वतः मेकॅनिकल शिकवतेस, धाप लागलेल्या ब्रँचला सईला कशाला ढकलतेस?" असं तुम्ही फोनवर विचारलंत. फोनवर वाद नको म्हणून गप्प बसले, आता लिहिते.

सगळे कॉम्प्युटरकडे धावतायत हे खरंच. आमच्याकडेही मेकॅनिकलची एक तुकडी गेली आणि तिथे एआय-डेटा सायन्स आलं. पण यात पोरांच्या ओढीइतकाच कॉलेजांचा हिशेबही आहे. वसंतदादांच्या सरकारने १९८३ मध्ये विनाअनुदानित कॉलेजांना वाट करून दिली, तेव्हापासून ही कॉलेजं फीवरच चालतात. रिकामी जागा म्हणजे तोटा. पुढे जागा इतक्या वाढल्या की २०१६-१७ मध्ये देशातल्या इंजिनिअरिंगच्या जवळपास निम्म्या जागा रिकाम्या होत्या. मग एआयसीटीईने (देशातल्या तंत्रशिक्षणावर देखरेख करणारी संस्था) नेमलेल्या मोहन रेड्डी समितीने सुचवलं, २०२० पासून नवीन कॉलेजं नकोत आणि मेकॅनिकल, सिव्हिलसारख्या जुन्या शाखांत जागा वाढवू नका. एआयसीटीईने नवी कॉलेजं थांबवली, २०२३-२४ मध्ये बंदी उठवली आणि २०२४-२५ पासून चांगल्या चालणाऱ्या संस्थांना एका शाखेत किती जागा ठेवायच्या यावरची मर्यादाही काढली. मग काय, खपतं तेच दुकानात!

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात २०३५ पर्यंत कॉलेजात जाण्याच्या वयातली निम्मी मुलं शिकायला हवीत असं उद्दिष्ट आहे. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण २८.४ टक्के होतं. किती शिकणार ते ठरलं, पण कोण काय शिकणार ते बाजारावर सोडलंय, असं माझं मत. (त्याच वर्षी पदवीच्या मुलांत सर्वाधिक, ३४.२ टक्के, कला शाखेत होती, इंजिनिअरिंगला ११.८. आपल्याकडे मात्र बीए म्हटलं की "मार्क कमी पडले का?")

चार वर्षांनी कशाला भाव असेल हे आज कुणी छातीठोक सांगू शकत नाही. सई विहिरीवरचा पंप स्वतः खोलून जोडते. कोडिंग तिला मेकॅनिकलमध्येही शिकावं लागेलच, त्यातून सुटका नाही.

दादाला सांगा, उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेयर आत्ताच काढून ठेव. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी सरकारने २०२४-२५ पासून माफ केली आहे, पण कॅपमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतूनच, प्रवेश हवा. तेव्हा ते "मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर" डोक्यातून काढाच. हॉस्टेलचा खर्च वेगळा. आई, त्याची काळजी करू नकोस, ती माझ्याकडे राहील.

आणि बाबा, पर्याय भरताना पहिल्या नंबरवर काय टाकायचं ते सईलाच ठरवू द्या. पहिल्याच फेरीत पहिला पर्याय लागला तर तो घ्यावाच लागतो, पुढच्या फेरीत बदलता येत नाही. तुम्ही शेजारी बसा, कॉलेजचे कोड तेवढे नीट तपासा. तुमची नजर त्यात पक्की आहे.

तुमची,
माधुरी