'चुकीच्या' बंदुकांची बाजू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या चित्रपटांतल्या 'चुकीच्या', म्हणजे कथेच्या काळाशी न जुळणाऱ्या बंदुकांवरचा लेख वाचला. चुका बरोबर हेरल्या आहेत, पण त्यांचं खापर दिग्दर्शकांच्या निष्काळजीपणावर फोडलंय ते काही पटलं नाही. पोलीस मुख्यालयाच्या शस्त्रागारात आर्मरर (हत्यारांची देखभाल करणारा) म्हणून माझी नोकरी झाली, म्हणून चार शब्द लिहितो. पडद्यावरची बंदूक निवडताना इतिहासाच्या आधी काडतूस बघावं लागतं.

'स्टेजकोच'चंच (1939) घ्या. गोष्ट 1880 च्या आसपासची आणि जॉन वेनच्या हातात विंचेस्टरचं 1892 चं मॉडेल. चूक आहेच. पण ही रायफल हलकी, दणकट आणि हॉलिवूडच्या गोदामांत हवी तितकी मिळणारी. शिवाय तिथे 'फाइव्ह-इन-वन' नावाचं एक ब्लँक, म्हणजे गोळीविना नुसता बार उडवणारं काडतूस वापरात होतं. .38-40 आणि .44-40 या दोन्ही मापांच्या रायफली नि रिव्हॉल्व्हर आणि वर .45 कोल्ट रिव्हॉल्व्हर, अशा पाच हत्यारांत ते एकच चालायचं. पन्नास घोडेस्वार धूळ उडवत गोळीबार करताहेत आणि प्रत्येकाच्या पट्ट्यात वेगळ्या मापाची काडतुसं, हा घोळ सेटवर कोण निस्तरणार? शस्त्रागारात दोन मापांची पेटी एकत्र झाली तरी आमची झोप उडायची.

'द वाइल्ड बंच'ची (1969) गोष्ट तर याहून बोलकी. कथा 1913 ची, अमेरिकी सैन्याची पिस्तुलं कोल्ट 1911 हवीत. कॅमेऱ्यापुढे मात्र बऱ्याच ठिकाणी त्याच्यासारखंच दिसणारं स्पॅनिश 'स्टार' आहे, जे त्या साली जन्मालाही आलं नव्हतं. कारण साधं आहे. ऑटोमॅटिक पिस्तुलात गोळी सुटताना जो दाब तयार होतो, त्यावरच स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे जाऊन पुढचं काडतूस चढतं. ब्लँकमध्ये गोळीच नाही, त्यामुळे वायू अडत नाही, नुसता फुस्सकन निघून जातो. त्यासाठी नळी आतून आवळावी लागते, आणि कोल्टच्या .45 मापाच्या ब्लँकवर तेव्हा हा खटाटोप धड जमत नव्हता. 9 मिमीच्या ब्लँकवर स्टार बिनतक्रार चालायचं. ऐन गोळीबारात पिस्तूल अडकून बसण्यापेक्षा हजारातल्या नऊशे नव्व्याण्णव प्रेक्षकांना न कळणारी चूक पत्करलेली बरी, नाही का?

खरा निष्काळजीपणा वेगळाच असतो. 31 मार्च 1993 रोजी 'द क्रो' चित्रपटाच्या सेटवर त्याचा नायक ब्रँडन ली गोळी लागून गेला. जवळून दाखवायला केलेल्या नकली काडतुसांतली दारू काढली होती, पण बुडाची, दारू पेटवणारी टोपी जिवंतच राहिली. तिच्या दणक्याने एक गोळी नळीत सरकून अडकली. ती कुणी पाहिली नाही आणि पुढे त्याच रिव्हॉल्व्हरमधून ब्लँक उडवताच ती बाहेर पडली. नळीला डोळा लावायला किंवा आतून गज फिरवायला अर्धा मिनिट लागतो. हत्यार हाती घेणाऱ्या पोरांना आम्ही आधी हेच शिकवायचो.

आणि आपल्याकडे हिशेब चोख ठेवल्याचंही उदाहरण आहे, लेखात त्याला जागा मिळायला हवी होती. 'शोले'मध्ये (1975) गब्बर सहापैकी तीन गोळ्या हवेत झाडतो, सिलिंडर (रिव्हॉल्व्हरचं सहा घरांचं चक्र) फिरवतो, मग तिघांवर एकेकदा चाप ओढतो आणि तिन्ही वेळा नुसता खट्ट आवाज. रिकामी घरं सलग असल्याने हा योग सहात एकदाच येतो, पण येऊ शकतो. नंतर तिघंही मरतात. तोवर गोळ्या तीनच उरलेल्या. चित्रीकरण झालं त्या रामनगरच्या खडकांत बसून कुणीतरी हे मोजलं होतं.

आपल्या लेखकाने पुढचा लेख या सेटवरच्या आर्मररांवर लिहावा, ही विनंती. हॉलिवूडला कित्येक दशकं हत्यारं पुरवणाऱ्या स्टेम्ब्रिजच्या गोदामापासून सुरुवात केली तरी पुष्कळ मिळेल.

आपला,
एक निवृत्त पोलीस आर्मरर, सातारा

ता. क. : 'स्टार वॉर्स'मधल्या (1977) पांढऱ्या चिलखतवाल्या शिपायांची शस्त्रं आपल्या लेखात म्हटल्यासारखी 'निव्वळ कल्पनेतली' नाहीत. ती ब्रिटिश स्टर्लिंग कार्बाइन आहेत, वर दुर्बीण आणि थोडी सजावट चढवलेली. मॅगझिन डाव्या बाजूला बघा. हीच कार्बाइन कानपूरच्या कारखान्यात बनून आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं होती.