पांढरे हातमोजे घातलेल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला ठाऊक नाही, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. गळ्यात तुमच्या बिल्ला होता, पण माझा जवळचा चष्मा लेकीच्या पिशवीत आणि लेक त्या अवाढव्य हॉलात कुठे तरी हरवलेली. (ती म्हणते, हरवले मी.)

दिवाळीला तिच्याकडे ह्यूस्टनला आले होते. तिने हौसेने क्विल्टांच्या, म्हणजे तिकडच्या गोधड्यांच्या, प्रदर्शनाची तिकिटं काढली. जॉर्ज ब्राऊन कन्व्हेन्शन सेंटरमध्ये शिरल्यावर आधी दडपूनच गेले. मशीनवर शिवलेले पक्षी, माणसांचे चेहरे, लांबून तैलचित्रंच वाटावीत. खरं सांगू? थोड्या वेळाने कंटाळाही आला. मग एक हाताने शिवलेलं क्विल्ट दिसलं आणि "पाठ कशी असेल गं बाई" असं पुटपुटत मी कोपरा उलटायला हात पुढे केला.

"थांबा, मी दाखवते." मराठीत!

हात न लावण्याची पाटी मी वाचलीच नव्हती. तुम्ही रागावला नाहीत. हातमोज्यातल्या दोन बोटांनी कोपरा उचललात. धावदोरा पुढच्याइतकाच सारखा, गाठ एकही वर नाही, सगळ्या आत ओढून घेतलेल्या. गोव्यात आमच्या साखळी गावाला गोधडीची परीक्षा अशीच व्हायची. माझी आई पुढची बाजू बघायचीच नाही. आणि त्या पाठीवर, खालच्या कोपऱ्यात, कापडाची चिठ्ठी शिवलेली होती: बाईचं नाव, गाव, साल. "बहुतेक जणी लावतात," तुम्ही म्हणालात.

मग लेकीला फोन लावून दिलात, खुर्ची आणलीत आणि ती येईपर्यंत अलाबामातल्या जीज बेंडच्या कृष्णवर्णीय बायकांबद्दल सांगत बसलात. शेतात घालून विटलेल्या कपड्यांची क्विल्टं. खिसा उसवला की त्याखालचा गडद निळा चौकोन तसाच राहिलेला. २००२ मध्ये ती ह्यूस्टनच्याच कलासंग्रहालयात भिंतीवर लागली, हे ऐकून मला पणजीतले एक दुकानदार आठवले. आईची गोधडी उलगडूनही न बघता म्हणाले होते, "जुन्या लुगड्यांना कोण पैसे देणार?" मी तेव्हा गप्प घरी आले होते.

त्याच गोधडीला परवा चिठ्ठी लावली. मे महिन्यात वाळवंटी नदीवर धुऊन खडकावर वाळवायची आणि पावसाळाभर आम्ही चौघं भावंडं तिच्याखाली भांडायची, ती ही. पांढऱ्या धोतराचा तुकडा, त्यावर लाल दोऱ्याने आईचं नाव आणि "साखळी". सालाशी अडले. थोरल्या भावाला विचारलं, तर म्हणाला, तुझ्या जन्माआधीची. तेवढंच लिहिलं. अंगुस्तान आईचंच, मला अजून सैल होतं.

ताई, त्या दिवशी तुमचा चहा माझ्यापायी राहिला, हे मला घरी आल्यावर लेकीने सांगितलं. त्या बदल्यात तुमच्यासाठी एक लहानशी गोधडी धरली आहे. आईच्या हिरव्या लुगड्याचा काठ पुरवून पुरवून वापरते आहे. लेक डिसेंबरात येईल, तिच्याबरोबर पाठवीन. पाठीवरच्या चिठ्ठीत माझं नाव घातलंय, तुमच्यासाठी खाली जागा सोडली आहे. नाव तेवढं कळवा, आणि आडनावासकट, मला पुरतं लिहायचं आहे.

तुमची,
साखळीची गोधडीवाली