एकट्या बाईला समुद्रकाठी एक खाट मिळावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी सुरू झाली की कोकण सहलीच्या पुरवण्या येतात आणि त्यात कुटुंबासाठी काय काय सोयी आहेत हे सविस्तर छापलेले असते. मी 59 वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. नाशिकला एकटी राहते. चार दिवस समुद्राजवळ राहावे एवढीच इच्छा होती, म्हणून गेल्या जानेवारीत गुहागर आणि गणपतीपुळ्याच्या पाच लॉजना फोन केले. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, "बरोबर कोण?" कुणी नाही म्हटल्यावर दोघांनी "एकट्या लेडीजना रूम देत नाही" असे सांगून फोन ठेवला. तिसऱ्याने "मिस्टर येणार असतील तर कळवा" म्हटले. माझे मिस्टर जाऊन सहा वर्षे झाली. उरलेल्या दोघांकडे खोली होती, पण भाडे दोघांचे, रोजचे अडीच हजार. पेन्शनीत ते बसत नाही.

भाचीने गोव्यातल्या हॉस्टेलचे नाव काढले. तिथे खोली नाही, खाट भाड्याने मिळते. पहिल्या ठिकाणी वयाची अट 18 ते 45 अशी निघाली. दुसऱ्याने वय विचारले, क्षणभर थांबून "खालची खाट देतो" म्हणाला. रोजचे सातशे रुपये. मंगला एक्सप्रेस नाशिकरोडहून थेट मडगावला जाते, तिथून कदंबाच्या बसने काणकोण, आणि पुढे पाळोळ्याचा किनारा रिक्षाने अगदी जवळ.

फक्त बायकांची खोली, सहा खाटा. प्रत्येक खाटेला पडदा, उशाशी छोटा दिवा, खाली सामानाची पेटी. कुलूप आपले आपण आणायचे, हे मला आधी कुणी सांगितले नव्हते. न्हाणीघर सामाईक, तिथे कायम वाळू आणि दारामागे ओले कपडे. पहिल्या रात्री झोप लागली नाही, एक मुलगी बारानंतर आली आणि अंधारात पिशव्या चाळत बसली. पण दुसऱ्या सकाळी तीच मुलगी, नागपूरची, पुण्यात नोकरी करणारी, "काकू, ओहोटी आहे, त्या बेटापर्यंत चालत जाता येतं" म्हणत मला किनाऱ्याच्या उत्तर टोकाला घेऊन गेली. गुडघाभर पाण्यातून मी तिचा हात धरून पलीकडे गेले. लग्नानंतरच्या चौतीस वर्षांत मी कुणाचा चहा ठेवून, कुणाचा डबा भरूनच घराबाहेर पडत आले, त्या सकाळी तसे काही नव्हते. संध्याकाळी स्वयंपाकघरात मी सगळ्यांसाठी पिठले केले, आणि तेही मला हवे होते म्हणून.

हे कौतुक गोव्याचे नाही. आपल्या राज्याला 720 किलोमीटरची किनारपट्टी आहे आणि चार रात्रींसाठी मला राज्य ओलांडावे लागले, याचे वाईट वाटते. खाटेच्या हिशोबाने राहणे आपल्याला नवीन का वाटावे? गाडगेबाबांनी आमच्या नाशकात धर्मशाळा बांधली ती गरीब यात्रेकरूला पाठ टेकता यावी म्हणून. पंचवटीत आजही लोक ओळीने सतरंज्या टाकून झोपतात. देवाच्या दारी हे चालते, मग समुद्राच्या दारी का नाही?

पर्यटन विकास महामंडळाची निवासस्थाने गणपतीपुळे, तारकर्ली, हरिहरेश्वर इथे आहेत. महिलांसाठी 'आई' हे पर्यटन धोरण राज्याने 2023 साली आणले. त्या धोरणाखाली प्रत्येक किनाऱ्यावरच्या निवासात निदान एक खोली सहा-आठ खाटांची, फक्त महिलांसाठी आणि वयाची वरची अट न घालता ठेवावी. न्याहरी-निवास योजनेत नोंदलेल्या घरांनाही खाटेप्रमाणे भाडे घ्यायला उत्तेजन मिळावे. कोकणातल्या ज्या घरात मुले मुंबईला गेली आणि माडीवरची खोली रिकामी आहे, त्या घरच्या बाईलाही त्यातून चार पैसे मिळतील. आणि एकट्या बाईला खोली नाकारायची नाही, एवढी अट नोंदणीतच लिहावी.

कराचेही पाहावे. दिवसाला हजार रुपयांपर्यंतच्या मुक्कामाला 18 जुलै 2022 पूर्वी जीएसटी नव्हता. मग 12 टक्के लागला, सप्टेंबर 2025 पासून तो 5 टक्के झाला. सातशेच्या खाटेवर तो पुन्हा शून्य व्हायला हरकत नसावी.

यंदा माझ्याबरोबर शाळेतल्या दोन मैत्रिणी यायचे म्हणतात. एकीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, तिला खालचीच खाट लागेल. आम्हाला गुहागरलाच जायचे आहे. तिथे अशी सोय कुणी करत असेल तर आपल्या वाचकांनी या सदरातून जरूर कळवावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
इंदिरानगर, नाशिक