दादा, तरुण संघाबद्दल विचारलंस म्हणून

प्रिय आई, दादा, वहिनी,
सगळ्यांना सप्रेम सलाम.

दादा, तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला, अर्धा ऑफिसला जाताना आणि अर्धा येताना. उत्तर व्हॉट्सअपवर मावणार नाही म्हणून मेल लिहितेय, आईला वाचून दाखव. तू म्हणतोस नगरच्या आपल्या चर्चच्या तरुण संघाला पोरं येत नाहीत, कॅरोल्सच्या दिवसात तेवढी उगवतात आणि मग वर्षभर गायब, आणि चर्चचा कारभार बघणारे पंच म्हणतात मोबाईलने बिघडवलं. अरे मोबाईल इथे अमेरिकेत, ओहायोत पण आहेत, उलट जास्तच आहेत, आणि इथली पण अर्धी पोरं आईबापांनी ढकलल्याशिवाय रविवारी उठत नाहीत. आमचे दोघं पण त्यातलेच. त्यामुळे इथे सगळं छान आणि आपल्याकडे वाईट असं काही मी सांगणार नाहीये.

पण एक फरक आहे. इथे पोरांना कामाला लावतात. खरंखुरं काम, म्हणजे बाहेरून पाहुणे वक्ते आले की खुर्च्या मांडायच्या आणि मग उचलायच्या, ते नाही.

आमचं चर्च मेथडिस्ट (प्रोटेस्टंटांचाच एक पंथ), त्यात युथ ग्रुप रविवारी संध्याकाळी भरतो. पिझ्झा, थोडा दंगा, थोडं बायबल, मग प्रार्थना. युथ पास्टर वेगळी, पगारी, कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली मुलगी आहे, तिला पोरं नावाने हाक मारतात (आई, तुला नाही आवडणार, मलाही आधी कसंतरीच व्हायचं). आठवीच्या आसपास दृढीकरणाचा, म्हणजे स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करण्याच्या तयारीचा वर्ग, त्यात प्रत्येक पोराला मंडळीतला एक मोठा माणूस जोडून देतात, आईबाप सोडून दुसरा. उन्हाळ्याच्या सुट्टीत लहान मुलांची बायबल शाळा असते, ती जवळजवळ ही मोठी पोरंच चालवतात. धाकटी यंदा खाऊच्या टेबलावर होती, कुणाला शेंगदाणे चालत नाहीत याची यादी तिने स्वतः करून भिंतीवर चिकटवली होती, घरी स्वतःचं ताट उचलत नाही ती.

आणि फेब्रुवारीत ते सूपचं भांडं, म्हणजे भुकेल्यांसाठी मदत गोळा करणं. इथे सुपर बोल म्हणून अमेरिकन फुटबॉलची फायनल असते, आपल्याकडे वर्ल्ड कपची फायनल असावी तसं सगळं गाव टीव्हीपुढे. त्या रविवारी उपासना सुटली की पोरं दारात मोठी पातेली घेऊन उभी राहतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडून एकेक डॉलर नाहीतर डबाबंद अन्न मागतात. हे 1990 मध्ये साउथ कॅरोलायनातल्या कोलंबियात एका प्रेस्बिटेरियन (हाही तसाच एक पंथ) चर्चच्या पोरांनी सुरू केलं, सेमिनरीत (पाळकांच्या कॉलेजात) शिकणाऱ्या एका इंटर्नने प्रार्थनेत म्हटलं होतं की आम्ही मॅच बघताना ज्यांच्याकडे वाटीभर सूपही नाही त्यांची आठवण राहू दे, तेवढ्यावरून. पहिल्या वर्षी 22 चर्चेसनी मिळून 5,700 डॉलर जमवले, आता देशभर चालतं. मला आवडतं ते म्हणजे पैसे कुठे द्यायचे ते पोरंच ठरवतात. आमच्याकडे यावर्षी यावरून जाम भांडण झालं, फूड बँकेला द्यायचे की बेघरांच्या निवाऱ्याला, आणि मोठी माणसं गप्प बसून ऐकत होती. आपल्या पंच कमिटीत हे झालं असतं का सांग.

आता मोठ्याचं. त्याचा ग्रुप उन्हाळ्यात आठवडाभर केंटकीच्या डोंगराळ भागात गेला होता, अॅपलाचिया सर्व्हिस प्रोजेक्ट म्हणून संस्था आहे, 1969 मध्ये टेक्स एव्हान्स नावाच्या मेथडिस्ट पाळकांनी सुरू केलेलं. गरीब कुटुंबांची घरं दुरुस्त करायची, छप्पर, जमीन, पायऱ्या, घर उबदार, कोरडं आणि सुरक्षित झालं पाहिजे एवढंच. कोळशाच्या खाणींचा मुलुख, खाणी बंद पडत गेल्या आणि घरं तशीच राहिली. राहायचं शाळेत, जमिनीवर गादी टाकून. सोबत जायला मोठी माणसं कमी पडत होती म्हणून मीही गेले, माझी पाठ अजून बोलतेय.

आमच्या गटाला एका म्हाताऱ्या खाणकामगाराच्या घराला रॅम्प करायचा होता. फुप्फुसात कोळशाची धूळ, व्हीलचेअर, नाकात ऑक्सिजनची नळी. त्यांच्या दारापुढचा ओटा दोन फूट उंच. इथला हिशोब असा की एक इंच चढायला बारा इंच लांबी लागते, म्हणजे चोवीस फूट रॅम्प, आणि सरळ चोवीस फूट काढला तर तो थेट रस्त्यात जातो. आमचा मोठा, जो गणिताच्या पेपरला पोटात दुखतंय म्हणतो, तो तिथे पुठ्ठ्यावर पेन्सिलीने आकडेमोड करत बसला आणि मधे एक सपाट टप्पा घेऊन वळवू या असं त्यानेच काढलं. आजोबा दारात बसून चुका काढत होते, खांब तिरका आहे, परत उपट. पोरांनी निमूट उपटला. माझं ऐकतील का कधी? दुपारी आम्ही ब्रेडला पीनट बटर लावून खाल्लं आणि आजोबांच्या मुलीने शिजवलेला घेवडा आणि मक्याचा ब्रेड आणून दिला, आणि पोरांना तेव्हा जरा कळलं की आपण इथे उपकार करायला आलेलो नाही.

सगळीच तशी नसतात हां. काही पोरं फक्त तासांसाठी येतात, कॉलेजच्या अर्जात सेवेचे तास दाखवायला, कागदावर सही घेतली की पसार. आणि या ट्रिपला पैसे लागतात, म्हणून वर्षभर गाड्या धुणं, पॅनकेकचं जेवण असलं काहीतरी चालू असतं, तरी काही घरांना परवडत नाही. ते मला खटकतं आणि मी मीटिंगमध्ये बोललेही.

एक गोष्ट मात्र आपल्याकडे लगेच सुरू करा, बाकी काही केलं नाहीत तरी चालेल. मेथडिस्ट चर्चने 1996 मध्ये मुलांच्या सुरक्षेबद्दल ठराव केला. आमच्याकडे आता कुठल्याही खोलीत मुलांबरोबर एकटा मोठा माणूस नसतो, कमीत कमी दोघं, आणि तेही एका घरचे नकोत, दाराला काच, आणि मदतीला येणाऱ्या प्रत्येकाची पोलीस रेकॉर्डची चौकशी. माझीही झाली. कुणी रागावत नाही, पाळकसुद्धा नाही. पंच म्हणतील आपल्या मंडळीत असलं काही होत नाही, तर त्यांना म्हण की मग नियम करायला काय जातंय.

आबा आपल्याला क्रिश्चन एंडेव्हर या चर्चमधल्या तरुणांच्या चळवळीच्या गोष्टी सांगायचे ना, ती चळवळही इथलीच, 1881 मध्ये मेन राज्यात पोर्टलंडच्या पाळकांनी, फ्रान्सिस क्लार्कनी काढलेली. त्यातही पोरांनी आळीपाळीने सभा चालवायची, कमिट्या चालवायच्या, मोठ्यांनी मागे बसायचं. म्हणजे नगरला आपल्याकडे हे नवीन नाही, मधे कुठेतरी माईक मोठ्यांनी परत घेतला.

तर माझ्या मते पावसाळ्याआधी मंडळीतल्या ज्या विधवा आजी एकट्या राहतात त्यांच्या घरांचे गळके पत्रे पोरांकडून बघून घ्या, वर चढायला एखादा गवंडी सोबत दे, पोरांना एकटं चढवू नकोस. बूथ हॉस्पिटलमध्येही विचार, पेशंटजवळ बसायला, पत्र-फॉर्म लिहून द्यायला कुणी लागतं का, कोविडमध्ये त्यांनी केवढं केलं, आपल्या पोरांना तिथे जरा घाम गाळू दे. आणि पंच कमिटीत एक खुर्ची तरुण संघाला द्या, मत द्यायच्या हक्कासकट. इथे आमच्या चर्च कौन्सिलवर एक मुलगी आहे, पार्किंगच्या विषयावर तिने ट्रस्टींना असं धरलं की काय सांगू.

वहिनी, भाचीला सांग की तिने संघाची सेक्रेटरी व्हायचं असेल तर मीच दादाशी भांडेन. आई, बीपीची गोळी रात्रीची की सकाळची ते डॉक्टरांना एकदा परत विचार, मागच्या वेळी तू दोन्ही सांगितलंस. पंच कमिटीची मीटिंग कधी आहे ते कळव, आणि कोण काय बोललं ते सगळं सांग, गाळू नकोस.

तुमची,
लांबून शहाणपणा शिकवणारी