पहिल्या नंबरवर आई

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "आता खरं सांग, पस्तावतोस का?" मागे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, मी विषय टाळला. आज रविवारची दुपार आहे, घर झोपलंय, म्हणून लिहायला बसलो.

2021 मध्ये मी त्या कर्जवाल्या अ‍ॅपची नोकरी सोडली, शेअर नावावर व्हायला पाच महिने उरले असताना, एवढंच तुला माहीत आहे. बाबांना 'साहेबाशी पटलं नाही' असं सांगितलं होतं. त्यांना तेच पटण्यासारखं होतं.

आमचं अ‍ॅप इन्स्टॉल करताना फोनमधले कॉन्टॅक्ट आणि कॉल लॉग वाचायची परवानगी मागायचं. नाही म्हटलं तर कर्ज नाही. पाच हजार मंजूर, हातात साडेतीन, फेड सात दिवसांत. मला काम आलं ते असं, की हप्ता चुकला की त्या यादीतले दहा नंबर काढून वसुलीवाल्यांना द्यायचे. ज्याच्याशी बोलणं जास्त, तो वर. चाळीसेक ओळींचा कोड, एका दुपारचं काम. तपासायला माझाच फोन लावला. यादी आली : आई, बायको, तू, मामा, सोसायटीचा वॉचमन, लेकीच्या बालवाडीच्या बाई.

अरे, पहिल्याच फटक्यात बरोबर चालला म्हणून मी चक्क खूश झालो! चहा आणायला उठलो, परत आलो, तरी पडद्यावर पहिल्या नंबरला 'आई' तशीच होती. तिला कोणीतरी फोन करून सांगणार, तुमचा मुलगा बुडव्या आहे.

साहेब म्हणाला, "लोकांनी स्वतःच ओके दाबलंय ना?" दाबलं होतं खरं. पाच हजारांसाठी रात्री अकरा वाजता अ‍ॅप उघडणारा माणूस काहीही दाबतो. 2 सप्टेंबर 2022 ला रिझर्व्ह बँकेने नियम काढला, कर्जाच्या अ‍ॅपने कॉन्टॅक्ट, कॉल लॉग, फोटो यांना हात लावायचा नाही. तोवर मी बाहेर पडून वर्ष झालं होतं.

तू मला चिडवतोस ना, व्हॉट्सअ‍ॅपवाल्या ब्रायन अ‍ॅक्टनवरून? 2017 मध्ये तो फेसबुकातून निघाला तेव्हा सुमारे 85 कोटी डॉलरचे शेअर मागे सोडले. पण लेका, फेसबुकने व्हॉट्सअ‍ॅप 19 अब्ज डॉलरला घेतलं, त्या सौद्यातला वाटा आधीच त्याच्या खिशात होता! पुढच्या वर्षी त्याने सिग्नल या मेसेजच्या अ‍ॅपच्या संस्थेत 5 कोटी डॉलर घातले. मी स्कूटरचे हप्ते भरत होतो.

तर हो, पैशाचं बोचतं. बाणेरचा तो फ्लॅट अजून जाता-येता दिसतो. आता सहकारी बँकांच्या सॉफ्टवेअरचं काम करतो, पगार त्या वेळच्यापेक्षा कमीच, मार्चअखेर सोडली तर डोक्याला ताप नाही.

त्याहून दुसरं जास्त बोचतं, आणि ते तुलाच पहिल्यांदा सांगतोय. लॅपटॉप परत देताना मी त्या चाळीस ओळी पुसल्या होत्या. माझ्या जागी आलेल्या पोराने आठवड्यात पुन्हा लिहिल्या. हुशार होता, मलाच फोन करून एक शंका विचारली. मी उत्तर दिलं रे. सवयीने दिलं, आणि फोन ठेवल्यावर कळलं काय केलं ते.

गणपतीला येतोयस ना? आई विचारत होती. तिचा फोन आला तर उचलत जा, सारखी म्हणते तू उचलत नाहीस.

तुझा,
सुध्या